शेजारी, मित्र आणि जार्लथ

मंगळवार, ९ फेब्रुवारी २०१६. त्या दिवशी कॉरमॉर रेडिओच्या वहीत मी पासष्ट युरो जमा मांडले. ओनी टॉर्पी या मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या निधनवार्तेचे ते शुल्क होते.

पासष्ट युरोंत काय मिळते ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. आमच्या पश्चिम आयर्लंडमध्ये माणूस गेला की सकाळच्या नऊच्या बातम्या संपल्यावर त्याचे नाव रेडिओवर वाचतात. नावापाठोपाठ टोपणनाव, कारण एका नावाचे चार जण हमखास असतात. मग गाव, मागे कोण कोण राहिले, दर्शन कुठे, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, किती वाजता. दफन होईपर्यंत ही वार्ता रोज वाचली जाते. मजकूर फक्त अंत्यविधीचे काम पाहणाऱ्याकडून येतो. घरच्यांकडून आम्ही घेत नाही, कारण पूर्वी एका जावयाने धडधाकट सासऱ्याची वार्ता पाठवून दिली होती आणि सासरा चहा पिता पिता ती ऐकत बसला होता. आणि शेवटचा नियम असा की आलेल्या मजकुरातला एक शब्दही बदलायचा नाही. आमच्या स्टेशनवर बाकी सगळे नियम कधी ना कधी मोडले गेले. हा एक मोडला नव्हता.

ओनी टॉर्पीच्या वार्तेत दोन शब्द जास्त वाचले गेले. वाचणारा होता जार्लथ टॉर्पी, ओनीचा धाकटा भाऊ.

जार्लथ माणूस कसा होता, असे मला कोणी विचारले की माझी पंचाईत होते. स्टेशन सुरू झाले त्या वर्षापासून मी तिथला हिशेब सांभाळतो आणि तोही तितकाच जुना. त्याच्या खोलीची आणि माझ्या खोलीची भिंत एकच. इतकी वर्षे त्याचा आवाज भिंतीतून ऐकला, तरी तो चांगला की वाईट हे मला ठरवता आलेले नाही.

आधी तो जनावरांच्या बाजारात बोली पुकारायचा. त्या बाजारात कोणी तोंडाने बोली देत नाही. कोणी भुवई उचलतो, कोणी टोपीला बोट लावतो, कोणी फक्त खोकतो. पुकारणाऱ्याने ते टिपायचे. जार्लथ ते टिपायचा आणि माणसाला हवी होती त्यापेक्षा वीस पौंड जास्त बोली त्याच्या गळ्यात घालून मोकळा व्हायचा. रेडिओवर आल्यावर त्याने तेच केले. फोनवरच्या माणसाने एक श्वास जास्त घेतला की हा म्हणायचा, "थांबलात का? काय लपवताय?" आणि समोरचा खरोखरच काहीतरी सांगून बसायचा.

तक्रारींना तोटा नव्हता. त्याने कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मुख्य अधिकाऱ्याला थेट प्रक्षेपणात घरी फोन लावला आणि तो आंघोळीतून ओलाच धावत येऊन खड्ड्यांबद्दल उत्तरे देऊ लागला. हरलेल्या फुटबॉल संघाला तो मेंढ्या म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी मेंढ्यांची जाहीर माफी मागितली. फादर कोणाच्या पैशाने चर्चवर छप्पर घालताहेत, असे त्याने विचारले तेव्हा आमच्या तीन जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या. महिन्याभरात तिघेही परत आले, कारण सकाळच्या वेळेइतके श्रोते त्यांना दुसरीकडे मिळेनात.

एकदा एका म्हाताऱ्या बाईने फोन केला. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती दोन वर्षे वाट पाहत होती. जार्लथ तिच्यावरच ओरडला. "दोन वर्षं गप्प का बसलीस? आंधळी व्हायची वाट बघत होतीस का?" बाई रडायला लागली. सगळी कौंटी त्याला शिव्या देत होती. आठवड्याभरात बाईला दवाखान्यातून तारीख आली. मी त्याला विचारले, "तू मुद्दाम ओरडलास ना? तिला तारीख मिळावी म्हणून?"

तो म्हणाला, "मला राग आला होता, फिंटन. मी सकाळी काही खाल्लं नव्हतं."

अशा माणसाचे करायचे काय?

आणखी एक कोडे होते आणि ते आकड्यांचे होते. दर वर्षी श्रोत्यांची पाहणी व्हायची. सगळ्यात जास्त श्रोते निधनवार्तांना असत आणि त्यांच्यामागोमाग लागणाऱ्या जार्लथच्या कार्यक्रमाला त्यांच्यापेक्षा थोडेसेच कमी. म्हणजे लोक त्याच्यासाठी रेडिओ लावत होते, की मेलेल्यांसाठी लावलेला रेडिओ बंद करायचा राहून जात होता? आमचा व्यवस्थापक क्विग्ली म्हणायचा की जाहिराती येताहेत तोवर हा प्रश्न विचारू नये. जार्लथला मात्र तो प्रश्न छळायचा. "लोक मेलेल्यांसाठी येतात," तो म्हणायचा, "आणि पुढचा नंबर कुणाचा ते बघायला थांबतात." हसत म्हणायचा, पण पाहणीचा कागद आला की पहिल्यांदा माझ्या खोलीत यायचा.

आता त्या दोन भावांचे भांडण. तेही मला नीट कळलेले नाही, पण घडले ते असे.

१९९८ साली मेंढ्यांमागे अनुदान मिळायचे. डोके मोजून पैसे. त्यामुळे आमच्या डोंगरांवर मेंढ्या फार होत्या आणि तपासनीस यायच्या आदल्या दिवशी त्या आणखी वाढत. एका डोंगरावरच्या रातोरात दुसऱ्यावर जात, मोजून झाल्या की परत. हे सगळ्यांना ठाऊक होते, पण रेडिओवर कोणी बोलले नव्हते. जार्लथ बोलला. नाव घेतले नाही. म्हणाला, "परवा एका हिरव्या फाटकातून मी इतक्या मेंढ्या जाताना पाहिल्या, की फाटकालाच धाप लागली असेल."

ओनीचे फाटक हिरवे होते. पुढच्याच आठवड्यात तपासनीस न कळवता आला आणि ओनीला दोन वर्षांचे अनुदान परत करावे लागले. ते फेडायला त्याने खालचे शेत विकले. त्या दिवसापासून तो भावाशी बोलला नाही.

जार्लथ शपथेवर सांगायचा की तो ओनीबद्दल बोललाच नव्हता. "अर्ध्या परगण्याची फाटकं हिरवी आहेत!" आणि ते खरेही होते. त्या वसंतात आमच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात हिरवा सोडून एकाही रंगाचा डबा शिल्लक राहिला नाही. ओनीने लाल लावला, त्याच्या शेजाऱ्याने काळा, चर्चच्या मागच्या दोघा भावांनी तर फाटकच काढून टाकले. "बघ," जार्लथ मला म्हणाला, "मी म्हणालो नव्हतो?" पण हे सांगताना त्याची नजर माझ्याकडे नव्हती. त्याने ओनीला डोळ्यांसमोर ठेवून ते वाक्य म्हटले होते की नव्हते? मी सतरा-अठरा वर्षे विचार केला. कधी वाटते हो, कधी नाही.

निधनवार्ता वाचायचे काम अ‍ॅट्रॅक्टा किलबेन करायची. दारातल्या टेबलापाशी बसणारी, फोन घेणारी ही बाई आवाज न चढवता, घाई न करता असे वाचायची, की लोक म्हणत, मरावे तर अ‍ॅट्रॅक्टाचा घसा बरा असताना. त्या मंगळवारी तो बरा नव्हता. तिला फ्लू झाला होता. क्विग्लीने जार्लथला सांगितले, "आजच्या दिवस तू वाच."

"मेलेल्यांचं खातं माझं नाही," जार्लथ म्हणाला. "मी जिवंतांना छळतो."

"चारच आहेत. आणि जसं आहे तसं वाच. स्वतःची अक्कल पाजळू नकोस."

मी माझ्या खोलीत होतो. रेडिओ चालू होता आणि भिंतीतूनही ऐकू येत होते, त्यामुळे प्रत्येक शब्द मला दोनदा पोचला. पहिल्या दोन वार्ता त्याने नीट वाचल्या, अ‍ॅट्रॅक्टापेक्षा जरा भरभर. मग म्हणाला, "ओवेन टॉर्पी, ओनी. ड्रमनाहा."

आणि थांबला.

किती वेळ थांबला यावर गावात अजून एकमत नाही. बेकरीतली बाई म्हणते की तिला वाटले वीज गेली. शाळेचा मास्तर म्हणतो, नेहमीइतकाच. जार्लथला कोणी कळवलेच नव्हते. कळवणार कोण? ओनी आदल्या संध्याकाळी गोठ्यात कोसळला होता. त्याची बायको नोरीन जार्लथशी बोलत नव्हती, आणि बहिणींनी गृहीत धरले की नोरीन सांगेल. सगळ्या कौंटीला भावाची बातमी जशी कळली तशीच ती त्याला कळली, फक्त ती सांगणारा आवाज त्याचा स्वतःचा होता.

मग तो पुढे वाचू लागला. "मागे पत्नी नोरीन, मुलगी डर्वला, बहिणी ब्रीज आणि अ‍ॅग्नेस, भाऊ जार्लथ, भाचे, शेजारी आणि मित्र. दर्शन बुधवारी संध्याकाळी पाच ते आठ. घरी फक्त कुटुंबीयांनी यावे."

कागद मी नंतर पाहिला. 'भाऊ जार्लथ' त्यात नव्हते.

त्यानंतर त्याने चौथी वार्ता वाचली, जाहिराती लावल्या आणि नेहमीचा कार्यक्रम केला. निवडणूक जवळ आली होती. एका उमेदवाराने फोनवर रस्त्यांची मोठमोठी आश्वासने दिली आणि जार्लथ "बरं, आभारी आहे" एवढेच म्हणाला. उमेदवार इतका घाबरला की त्याने पुन्हा फोन करून विचारले, काही चुकले का.

दहाच्या सुमाराला अंत्यविधीचे काम पाहणारा कडी याचा फोन आला. क्विग्लीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"नोरीन विचारतेय, ते नाव कुणी घातलं?" कडी म्हणाला. "मी तर नाही घातलं. माझ्यावर नाव येता कामा नये."

"ती रागावलीय का?"

"मला काय ठाऊक! ती फक्त विचारतेय. तिच्या चेहऱ्यावरून काही कळतं का कधी? लग्नातही अशीच होती."

क्विग्लीने फोन ठेवला. चाळीसच्या वर तक्रारी त्याने जार्लथसाठी झेलल्या होत्या. रेडिओंवर देखरेख ठेवणाऱ्या डब्लिनच्या कार्यालयात तीनदा उभा राहिला होता. "बिशप चालले," तो म्हणाला, "मंत्री चालले. पण कुणाच्या मरणाच्या मजकुरात हात घालायचा? उद्या कोण देईल आपल्याला वार्ता? नोरीनने तक्रार केली तर हा गेला. गुरुवारी दफन आहे, तोवर थांबू. फिंटन, उद्यापासून दोन दिवस त्याची रजा मांड."

"कोणती रजा?" मी विचारले. "दुखवट्याची की शिस्तीची?"

त्याने बराच विचार केला. "रकाना कोरा ठेव."

जार्लथ मागच्या अंगणात आपल्या गाडीत बसला होता, अंड्याचे सँडविच हातात धरून. मी शेजारी जाऊन बसलो आणि सरळ विचारले. "नाव का घातलंस?"

"घातलं नाही रे. वाचत गेलो. ब्रीज आलं, अ‍ॅग्नेस आलं... आई जेवायला हाक मारायची ती अशीच. ब्रीज, अ‍ॅग्नेस, ओनी, जार्लथ. ओनीचं नाव तर वर वाचून झालं होतं. मग राहिलो मी."

"म्हणजे चुकून?"

"चुकून नाही."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दामही नाही." सँडविचकडे पाहत तो म्हणाला, "तुला हे कुठल्या तरी एका खान्यात बसवायचंय ना? मलाही बसवायचंय. नाही बसत."

बुधवारी अ‍ॅट्रॅक्टा अजून अंथरुणात होती, म्हणून वार्ता क्विग्लीने स्वतः वाचल्या. कागदाप्रमाणे, जार्लथशिवाय. त्यामुळे गोंधळ कमी होईल असे त्याला वाटले होते. झाले उलटेच. सकाळभर स्टेशनचा फोन वाजत राहिला. "काल भाऊ होता, आज नाही. तोही गेला का?" एका बाईने तर रडतच विचारले. ती आयुष्यभर त्याला शिव्या देत आली होती.

संध्याकाळी मी त्याला अंत्यदर्शनाला घेऊन गेलो. खरे तर त्यानेच विचारले, "तू जाणार असशील तर मला बरोबर घे." वाटेत वर्तमानपत्रांच्या दुकानापाशी थांबलो. मृताच्या नावे मिस्सा होईल असे सांगणारे मिस्साचे कार्ड घेतल्याशिवाय कोणी दर्शनाला जात नाही. दहा युरोचे कार्ड, त्यावर फादरांची सही आधीच असते, आपण फक्त मृताचे नाव आणि कोणाकडून ते लिहायचे. जार्लथच्या खिशात पार्किंगची नाणी होती. दहा युरो मी दिले.

"उद्या देतो," तो म्हणाला.

मग तो काउंटरवर पेन घेऊन उभा राहिला. ओनीचे नाव लिहिले. 'कडून' या शब्दापुढे पेन टेकवले आणि थांबला. दुकानवालीच्या कपाळावर राख होती, माझ्याही होती. राखेचा बुधवार होता तो, त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. जार्लथच्या कपाळावर नव्हती. तो दिवसभर घराबाहेर पडला नव्हता.

"काय लिहू? 'भाऊ' लिहिलं तर नोरीन म्हणेल, पुन्हा घुसला. 'टॉर्पी कुटुंब' लिहिलं तर कुठलं कुटुंब? मी एकटाच राहतो."

"आडनाव लिही," मी म्हणालो.

"त्याच्या घरात आडनावाने ओळख करून देऊ माझी?"

मागे माणसे ताटकळली होती. शेवटी त्याने नुसते 'जार्लथ' लिहिले आणि पाकीट बंद केले.

कडीच्या दर्शनगृहाबाहेर रांग पार गाड्यांच्या तळापर्यंत गेली होती. आमच्याकडे घरचे लोक शवपेटीजवळ ओळीने बसतात आणि बाकीचे एकेकाचा हात हातात घेत पुढे सरकतात. दरवाज्यापाशी जार्लथ माझ्याकडे वळला.

"मी कुठे उभा राहू?"

प्रश्न वेडगळ वाटेल, पण वेडगळ नव्हता. आतल्या ओळीत जाऊन बसावे तर कोणी बोलावले नव्हते. रांगेत उभे राहावे तर सख्ख्या भावाने परक्यासारखे रांगेत उभे राहिलेले आमच्या गावाने कधी पाहिले नव्हते. तो रांगेत उभा राहिला. गाव पाहत होते.

पुढे टीरनन हेव्हर्टी होता. निवडणुकीचा उमेदवार. असल्या दिवसांत उमेदवार एकही दर्शन चुकवत नाहीत. त्याने मागे वळून पाहिले आणि दचकला.

"सोमवारी तू मला रेडिओवर सोलून टांगलंस," हेव्हर्टी हळूच म्हणाला, "आणि आज मीच तुझं सांत्वन करायचं?"

"पुढे सरक, हेव्हर्टी. मतं रांगेच्या पुढच्या टोकाला आहेत. मागे काही नाही."

मागून बीटी मॅकहेलने त्याच्या पाठीत बोट खुपसले. ऐंशी ओलांडलेली बाई. "ए जार्लथ, तुला 'वाईट झालं' म्हणायचं की नाही? एकदा सांगून टाक. मंगळवारी म्हणणार होते, आज सकाळी ऐकून रद्द केलं."

"तुम्हाला काय वाटतं, बीटी?"

"मला गुडघा दुखतोय एवढंच कळतंय."

"मग गुडघ्याबद्दल वाईट झालं," जार्लथ म्हणाला. बीटी हसली आणि मग, काय वाटले कोण जाणे, तिने त्याचा हात धरला, तो आत पोचेपर्यंत सोडला नाही. तिच्या मागचा माणूस मात्र तोंड फिरवून उभा होता. त्यानेही त्या साली फाटक रंगवले होते.

आत पेटी उघडी होती. ओनी खूप म्हातारा दिसत होता. जार्लथ पेटीपाशी थांबला नाही, किंवा थांबला तर तेवढाच जेवढे सगळे थांबत होते. मग तो नोरीनसमोर आला. मी त्याच्या मागेच होतो, त्यामुळे हे सगळे मी ऐकलेले आहे.

"वाईट झालं, नोरीन."

"हो. झालं खरं." तिने हात हातात घेतला. "माझ्या घरच्यांत नाव घालायचं होतं तर मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

हात मात्र हातातच होता.

"रांग खोळंबलीय," नोरीन म्हणाली. "पुढे सरक."

पुढे डर्वला होती, ओनीची मुलगी. भांडण झाले तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिने काकाला नीट निरखून पाहिले. "तुमचा आवाज मला पाठ आहे," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात रोज असायचा."

जार्लथचा चेहरा उजळला. "ओनी लावायचा?"

"निधनवार्तांसाठी लावायचे. त्या झाल्या की म्हणायचे, बंद करा त्या गाढवाला."

"मग बंद करायचात?"

"रेडिओ कपाटावर होता. आई म्हणायची, तुम्हीच उठा. बाबांचा हात तेवढा लांब पोचायचा नाही." मग तिने स्वतःलाच दुरुस्त केले. "म्हणजे, उठले असते तर पोचला असता."

जार्लथने मागे वळून माझ्याकडे पाहिले, पाहणीचा कागद आला की पाहायचा तसे.

बहिणींनी त्याला मिठी मारली, पण घाईने, नोरीनकडे एक डोळा ठेवून. ओळ तिथे संपत होती. शेवटी एक खुर्ची होती आणि तिच्यावर घरच्यांचे कोट रचलेले होते. जार्लथ तिच्यापाशी पोचला आणि दाराकडे वळणार तेवढ्यात वरचा कोट घसरून खाली पडला. नोरीन मान न वळवता म्हणाली, "ते कोट जमिनीला लागताहेत. कुणीतरी धरा."

जवळ तोच होता. त्याने पडलेला कोट उचलला, मग बाकीचे उचलले, आणि मग त्याच्या लक्षात आले की ते ठेवायला त्या खुर्चीशिवाय जागा नाही. तो खुर्चीवर बसला आणि कोट मांडीवर घेतले. आठ वाजेपर्यंत तसाच बसून होता. रांगेतले लोक बहिणींपर्यंत येत, आणि मग त्यांना समजेना. काहींनी कोटांच्या ढिगातून त्याचा हात शोधून काढला आणि दाबला. काही नुसती मान हलवून गेले. एकाने त्याच्याकडे आपली टोपी दिली.

तो घरच्यांत बसला, असे अर्धे गाव म्हणते. त्याला कोट सांभाळायला बसवले, असे बाकीचे अर्धे. मी समोर उभा होतो आणि मला दोन्ही दिसले.

गुरुवारी अ‍ॅट्रॅक्टा कामावर आली. घसा बसलेला होता, पण वार्ता दुसऱ्या कोणाला द्यायला ती तयार नव्हती. "दोन दिवस घरी पडून ऐकत होते," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी मिळून त्या ओनीला सुखाने मरू दिलं नाहीत." जार्लथ रजेवर असूनही आला होता. माझ्या खोलीत उभा होता. क्विग्ली दारात. नोरीनची तक्रार अजून आली नव्हती. आली होती ती कडीकडून नवी प्रत. दफनाच्या दिवसाचा मजकूर नोरीनने बदलून दिला होता.

"काय बदललंय?" क्विग्लीने विचारले.

"नऊला कळेल," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली आणि आत गेली.

बातम्या झाल्या. ती वाचू लागली. ओवेन टॉर्पी, ओनी, ड्रमनाहा. पत्नी नोरीन. मुलगी डर्वला. बहिणी ब्रीज आणि अ‍ॅग्नेस. जार्लथने डोळे मिटले. भाचे. तिने श्वास घेतला. "शेजारी, मित्र आणि जार्लथ. मिस्सा आज अकरा वाजता."

ती बाहेर आली तेव्हा आम्ही तिघे तसेच उभे होतो.

"हे काय आहे?" क्विग्ली म्हणाला. "तक्रार आहे की नाही?"

"मला काय विचारता?"

"भाऊ म्हटलेलं नाही."

"नाही."

"पण नाव आहे."

"आहे."

जार्लथ खुर्चीवर बसला. "मी कार्डावर तेवढंच लिहिलं होतं," तो म्हणाला. "नुसतं जार्लथ. तिने ते उघडलं असणार." मग अ‍ॅट्रॅक्टाकडे वळून म्हणाला, "म्हणजे तिने माझं ऐकलं, की मला माझ्याच शब्दांत अडकवलं?"

"उठ," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. "अकराची मिस्सा आहे. तोंड धू, काहीतरी खा."

क्विग्लीने आणखी एक आठवडा तक्रारीची वाट पाहिली. ती आली नाही. मग त्याने मला रजेचा रकाना भरायला सांगितला आणि काय भरायचे ते सांगितले नाही. तो अजून कोरा आहे.

जार्लथ पुढच्या सोमवारी कामावर आला आणि हेव्हर्टीला पुन्हा सोलून काढले. लोक खूश झाले, दोन तक्रारी आल्या. वरवर काही बदलले नाही. फक्त निधनवार्ता चालू असताना तो आता स्टुडिओत न बसता अ‍ॅट्रॅक्टाच्या टेबलापाशी उभा राहायचा आणि त्या संपल्या की कार्यक्रमाला कधी कधी थोडा उशीर व्हायचा. ड्रमनाहाला तो जाऊ लागला का? गेला असे काही सांगतात. एकाने त्याची गाडी ओनीच्या फाटकाबाहेर उभी पाहिली, पण तो आत होता की गाडीतच, हे त्याला अंधारात दिसले नाही. फाटकाचा लाल रंग आता पोपडे धरून उडतोय आणि खालचा हिरवा दिसतो.

२०१८च्या एका शुक्रवारी त्याने नेहमीप्रमाणे "सोमवारी भेटू" म्हणून कार्यक्रम संपवला आणि सोमवारी आलाच नाही. त्याने राजीनामा दिला नाही, की कोणाचा निरोपही घेतला नाही. आता त्या वेळेला एक तरुण मुलगी गाणी लावते. श्रोत्यांची पाहणी पुन्हा झाली. निधनवार्तांचा आकडा होता तिथेच आहे. त्यांच्या मागच्या वेळेचा आकडा निम्म्यावर आला. हा आकडा त्याला दाखवावा असे मला वाटले. पाकिटात घालून त्याच्या घरी टाकला. त्याने त्यावर काहीच म्हटले नाही.

येत्या सप्टेंबरात मी निवृत्त होतो. वह्या नव्या माणसाच्या हाती द्यायच्या म्हणून सगळे जुळवून ठेवले आहे. जार्लथ अधूनमधून जनावरांच्या बाजारात दिसतो. हल्ली तो पुकारत नाही, कठड्यावर बसतो आणि कोणी भुवई उचलली ते पाहतो. मला पाहिले की टोपीला बोट लावतो.

मिस्साच्या कार्डाचे दहा युरो त्याच्याकडून यायचे आहेत.